सहा मिनिटं, दात शाबूत

नॉयफेल्ड, कॅन्सस
सोमवार, ६ मे २०१९

रोशेल,

चार वर्षांत पत्र नाही आणि आज आईला एकदम कुठून उमाळा आला, असं म्हणशील. उमाळा वगैरे काही नाही. हात रिकामा आहे म्हणून लिहितेय. म्हणजे डावा. उजव्याला सकाळी डॉली चावली, तो बर्फाच्या भांड्यात घालून बसलेय. अक्षर वाकडं दिसतंय ते डाव्या हाताचं आहे, म्हातारपणाचं नाही, उगीच खूश होऊ नकोस.

डॉली म्हणजे डचेसची नात. डचेस तुला आठवत असणारच. ही अगदी तिच्यावर गेलीय, तेच वर उचललेलं डुकरासारखं नाक, तोच तोरा. कालच एक गिऱ्हाईक पोराबाळांना घेऊन आलं होतं. डॉलीने मान फुगवली, फुसफुसली, कुणी घाबरत नाही म्हटल्यावर उताणी पडली, जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग. मी सरळ केली की पुन्हा उताणी. पोरं हसून हसून लोळली. तुझे बाबा म्हणायचे ना, मेलेला साप दोनदा मरत नाही, एवढी अक्कल या डुकरनाक्यांना देवाने दिली नाही.

चूक माझीच. डॉलीसाठी गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात टाकून वितळवत होते, तेवढ्यात फोन वाजला, आणि नंतर हात न धुता तिच्या डब्यात घातला. साप चुकत नाही, हात चुकतो, हे तुला पाळण्यात असल्यापासून सांगत आलेय. अंगठ्याखालचं मांस धरलं तिने आणि चावत बसली, पार मागचे दात लागेपर्यंत. पण आपला नियम आहे. ओढायचं नाही. ओढलं की त्यांचे दात तुटतात, तोंड चिघळतं. घड्याळ बघत शांत बसायचं, कंटाळली की सोडते. तशी बसले. आता थोडी सूज आहे, ॲलर्जीची. उद्यापर्यंत जाईल.

दुसरं म्हणजे तुझं नाताळचं कार्ड. टिलीचा फोटो, पुढचे दोन दात पडलेले, आणि मागे तुझी ओळ: ‘टिली विचारते, आई, तुझं बोट का वाकत नाही. सलायनाला सापांच्या प्रदर्शनात तू माझा हात का धरला होतास, एवढं खरं सांग, मग तिला घेऊन येईन.’ पाच महिने ते कार्ड फ्रिजवर लावलंय. रोज दूध काढताना वाचते. तर हे घे उत्तर. मुलीला साप चावला, ती घाबरली, आईने हात धरला. आया धरतात. झालं? आता कधी येताय ते कळव. सहा वर्षांची झाली पोर आणि आजीचं घर तिला आठवतसुद्धा नसेल.

तुझी आई


बुधवार, ८ मे

रोशेल,

परवाचं पत्र अजून तुला मिळालंही नसेल आणि हे दुसरं. काय करू, बसवत नाही. उभं राहिलं की हात खाली ठेवता येत नाही, ठणका लागतो. वर धरला की शाळेत प्रश्न विचारायला उभी राहिल्यासारखी दिसते. सकाळपासून खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालतेय. बाहेर वारा नुसता सुटलाय, गहू कमरेएवढा झालाय आणि आडवा पडून पुन्हा उठतोय.

सूज मनगटाच्या वर गेली. फार नाही, चार बोटं. दोन फोडही आलेत. घड्याळ काढून ठेवलं.

आणि लोक! आमच्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळातल्यांना ऑर्व्हिलने कळवलं. अध्यक्ष ना तो आमचा, त्याच्या पोटात काय राहतंय? दोन दिवसांत नऊ फोन. एक म्हणतो बर्फ लाव, दुसरी म्हणते बर्फ मुळीच नको, शेक. तिसरा म्हणतो सर्दीची गोळी घे. हेझहून एक बाई म्हणाली, मला पाच वेळा चावलेत, काही होत नाही, तुमची कातडीच नाजूक. ऑर्व्हिलचा पुतण्या म्हणे, काकू, रोज हाताचा फोटो काढून इंटरनेटवर टाका, दिवस पहिला, दिवस दुसरा, लोकांना आवडतं. आणि नऊच्या नऊ जणांनी आधी काय विचारलं सांगू? ‘डॉली कशी आहे?’ मी सांगितलं, तोंड जरा लाल आहे, खात नाही. सगळे हळहळले.

शेजारची रोझालिया बेफोर्ट कोबी-खिम्याचे पाव घेऊन आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ताट पायरीवर ठेवलं, क्रॉसची खूण केली आणि म्हणाली, ‘ॲल्व्हिना, आता तरी कोंबड्या पाळ.’ ही बाई यंदा गावच्या बोर्डावर आहे, आणि तीच तर कटकट आहे. पुढच्या मंगळवारी बोर्डासमोर ठराव येतोय, गावाच्या हद्दीत विषारी साप पाळायचे नाहीत. कुणीतरी विचारलंय की डुकरनाके त्यात येतात का. आले तर माझ्या बेचाळीस डब्यांचं काय करायचं? तुझ्या बाबांनी हाताने केलेल्या फळ्या त्या. तेवढंच उरलंय मला या घरात हलतंबोलतं.

ऑर्व्हिल म्हणतो, सगळ्यांत जुनी तू, तुझ्या शब्दाला वजन आहे. उभी राहा आणि सांग की हे विष नाही, एखाद्यालाच ॲलर्जी होते. आणि जाताना लांब बाहीचं जाकीट घाल, म्हणाला. मे महिन्यात! मी म्हटलं, घामाने मरेन. म्हणतो, मर, पण बाही वर करू नकोस.

तुझं बोट आता दुखतं का गं, थंडीत वगैरे?

आई


शुक्रवार, १० मे

रोशेल,

रोझालियाने मला गाडीत कोंबून दवाखान्यात नेलं. स्वतः नसते गेले. सूज कोपराखाली पोचली होती आणि फोड काळे पडायला लागले होते, तर ही बया म्हणते, ‘तू मेलीस तर ते बेचाळीस साप माझ्या कुंपणातून येतील.’ यालाच शेजारधर्म म्हणायचा.

दवाखान्यात ‘साप’ म्हटल्याबरोबर धावाधाव. कोवळा डॉक्टर, मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही, धापा टाकत आला, ‘खुळखुळ्या साप का, रॅटलस्नेक?’ मी म्हटलं, बाळा, खुळखुळ्या असता तर मी रांगेत कशाला बसले असते? मग त्याला डुकरनाक्या म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणे, शेतात एवढे दिसतात, ते चावतात हेच माहीत नव्हतं. बिचारा आत जाऊन वाचून आला. रक्त तपासलं, ठीक निघालं. फोडांत पू होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. ह्याच्यावर उतारा नसतो, म्हणाला, हात वर ठेवा, आराम करा, दोनेक आठवड्यांत उतरेल.

कागदावर लिहायला लागला तेव्हा मी म्हटलं, ‘ॲलर्जी लिहा.’ तो म्हणाला, ‘बाई, ॲलर्जी असती तर अंगभर गांधी उठल्या असत्या, श्वास लागला असता. हे दातापासून सुरू होऊन वर चढलंय. विष आहे. सौम्य आहे, माणूस मरत नाही, पण आहे विषच.’ मी म्हटलं, चाळीस वर्षं मी हे साप पाळतेय. म्हणाला, ‘साप तर त्याहून जुने आहेत.’ उद्धट मेला. पण पट्टी छान बांधली.

मग विचारलं, ‘किती वेळ चावत होता?’ मी म्हटलं, आठवत नाही.

रोशेल, तुला तेव्हा आम्ही दवाखान्यात चौथ्या दिवशी नेलं होतं, नाही का? का तिसऱ्या? मला तिसरा आठवतो.

आई


रविवार, १२ मे, मातृदिन

रोशेल,

काल तुझं पोस्टकार्ड आलं. पोस्टमन म्हणाला, लेकीचं दिसतंय, ओमाहाचा शिक्का आहे. मी त्याच्यासमोर वाचलं नाही. आत येऊन चष्मा शोधला, मांजराला बाहेर घातलं, दार लावलं, मग वाचलं. दोन शब्द. ‘किती वेळ?’

बस्स? मातृदिनाच्या आदल्या दिवशी आईला दोन शब्द! मी तीन पत्रं लिहिली, तीही डाव्या हाताने. चर्चमध्ये आज सगळ्या आयांना एकेक कार्नेशन दिलं, माझ्या बाकावर मी एकटीच. शेजारी तू नाहीस, तुझे बाबा नाहीत. ते फूल मी येताना त्यांच्या थडग्यावर ठेवलं. घरी आणून करायचं काय?

किती वेळ, ते मी का सांगावं? तू काय डॉक्टर आहेस? सगळ्यांना वेळच हवा. आपल्या या लोकांत साप चावला की पहिल्यांदा घड्याळच बघतात, हे तुला मी सांगायला नको. बरं, सांगते. पाच मिनिटं. पाच तरी झाली असतील.

तुझ्या बाबांच्या अंत्यविधीनंतर हॉलमध्ये जेवणं चालली होती, तेव्हा ऑर्व्हिलने सलायनाची गोष्ट काढली. ‘आणि मग रोशी पडली उताणी!’ सगळे हसले. मीही हसले. तू टिलीला कडेवर घेतलंस आणि चालती झालीस. तुझ्या बशीतलं शेंगांचं सूप आणि डम्पलिंग तसंच राहिलं. मला तेव्हा राग आला होता. नवऱ्याला पुरून तासही झाला नव्हता आणि लेक रुसून जाते, म्हणजे काय! एवढ्याशा विनोदाने माणसं अशी तुटतात का? आपल्या घरात ‘उताणी पडणं’ हा शब्दच होता ना. तू गणिताच्या परीक्षेच्या दिवशी तापाचं सोंग करायचीस तेव्हाही बाबा तेच म्हणायचे, आणि तेव्हा तूच हसायचीस.

तुझ्या आजोबांचं अकॉर्डियन अजून कपाटात आहे. काल डाव्या हाताने उघडून बघितलं. भात्याला भोक पडलंय. टिलीला वाजवायचं असेल तर दुरुस्त करून ठेवीन.

आई


बुधवार, १५ मे

रोशेल,

जिंकलो! डुकरनाके यादीबाहेर. पाच विरुद्ध दोन. रोझालियाने विरोधात मत दिलं आणि घरी जाताना मला गाडीतही घेतलं, अशी विचित्र बाई.

मी ते निळं जाकीट घातलं होतं, चर्चचं. हॉल गच्च भरलेला, पंखे बंद. घाम असा पाठीवरून वाहत होता. बोलायला उभी राहिले आणि बोलले. चाळीस वर्षं पाळतेय, हजारांवर पिल्लं घरोघर गेली, एक माणूस दगावलं नाही. कुणाकुणाला सूज येते, ती ॲलर्जी. मधमाशी चावली तरी येते. म्हणून काय मध बंद करायचा? टाळ्या पडल्या. मधाचं मला ऐन वेळी सुचलं.

मागून कुणीतरी काहीतरी विचारलं, त्यालाही उत्तर दिलं. मग मतं झाली.

माझे डबे जागेवर राहिले, बाबांच्या फळ्यांवर. आनंद व्हायला पाहिजे. झालाच आहे. रात्री नीट झोप लागली नाही, ती हातामुळे.

आता एवढं झालंय तर ये की एकदा. जूनमध्ये गव्हाची कापणी असते, टिलीला यंत्रावर बसायला आवडेल.

आई


गुरुवार, १६ मे
सकाळ

रोशेल,

कालचं पत्र पेटीत टाकून आले आणि घरी येऊन बसले तर बसवेना. पुन्हा पोस्टात गेले. म्हटलं, ते पत्र परत द्या. पोस्टमास्तरीण म्हणाली, ‘मिसेस लाइकर, पत्र एकदा टाकलं की सरकारचं.’ म्हणून हे. दोन्ही एकदम मिळाली तर हे नंतर वाच.

मागून कुणीतरी विचारलं, असं लिहिलंय ना मी. तुझ्या शाळेतली मिस वेबर होती. आता काठी टेकत चालते. उभी राहिली आणि म्हणाली, ‘ॲल्व्हिना, तुझ्या मुलीचं काय? ती वर्षभर माझ्या वर्गात पेन्सिल कशी धरायची ते मी बघितलंय.’ आणि मी म्हटलं, ‘रोशेलला लहानपणापासून उताणं पडायची सवयच आहे.’

हसले सगळे. मिस वेबर सोडून.

सभा संपल्यावर ऑर्व्हिल आला. दोन्ही हातांनी माझा उजवा हात धरला आणि अभिनंदन म्हणून हलवत राहिला. बाहीच्या आत पट्टी, पट्टीच्या आत फोड. अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काळोख आला. मी हात ओढायला लागले. बोर्डाचे लोक दोन पावलांवर उभे होते. त्याने आणखी घट्ट धरला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, ‘हस, ॲल्व्हिना. जरा वेळ हस.’

आणि मी हसले गं.

ते शब्द माझे आहेत. ऑर्व्हिलला ते माहीत असायचं कारण नाही, सलायनाला तो तीन टेबलं पलीकडे होता. तुला म्हटले होते मी. ‘हस, रोशी. जरा वेळ हस.’ सतरा वर्षं मला ते आठवलं नव्हतं. का आठवू दिलं नव्हतं, देव जाणे. त्याने हात सोडला तरी मी तिथेच उभी होते. रोझालियाने येऊन गाडीत बसवलं.

आता सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही.

सलायनाला त्या दिवशी सकाळी उंदीर वितळवायचं काम मीच तुला दिलं होतं. तू हात धुवायला निघालीस तर मीच हाक मारून परत बोलावलं, टेबल मांडायचं होतं. आणि नंतर उभ्या गावाला सांगत सुटले, पोरीने हात धुतला नव्हता, तिचीच चूक.

समोर विचिटाचं एक कुटुंब होतं. तीन पोरं. धाकटीच्या हातात मी पिल्लू दिलेलं. तिच्या आईने विचारलं, ‘चावतात का हो?’ मी म्हटलं, ‘छे, छे!’ आणि तेवढ्यात तू डचेसला डब्यातून काढत होतीस आणि तिने तुझं बोट धरलं. तू ‘आई’ म्हणालीस. हळू म्हणालीस. शहाणी होतीस, गिऱ्हाइकासमोर ओरडायचं नाही हे तुला कळत होतं.

टेबलाखाली पिशवीत बाबांची दारूची, श्नॅप्सची बाटली होती. सापाच्या तोंडात एक थेंब टाकला की सोडतो. ती बाटली प्रत्येक टेबलाखाली असते आणि कशासाठी असते हेही त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काढली असती तर साप चावलाय हे त्या बाईला कळलं असतं. मी काढली नाही.

तू हात ओढायला लागलीस. मी तुझं मनगट धरून टेबलाखाली दाबलं, सापासकट. धीर द्यायला धरलं नव्हतं. तू ओढू नयेस म्हणून धरलं. डचेसचे दात तुटू नयेत म्हणून. तुझी बोटं थरथरत होती ती मला कळत होती, आणि मी वर त्या बाईला सांगत होते की ह्यांना आठवड्यातून एक उंदीर पुरतो. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा धाकटीने विचारलं, ही का रडते? मग मी ते म्हटलं. ‘पडली उताणी!’ आणि डचेसचं सोंग त्यांना समजावून सांगितलं. खूप हसले ते. पिल्लू घेऊन गेले.

दवाखान्यात चौथ्या दिवशी नेलं. तिसऱ्या नाही, चौथ्या. तोवर पू झाला होता. डॉक्टरला मी ॲलर्जी सांगितलं, साप म्हटलंच नाही. बोट वाकेना झालं, तेव्हा तू अकॉर्डियन आजोबांना परत देऊन आलीस. मी म्हटलं, बरं झालं, घरात शांतता.

आणि ‘किती वेळ’ विचारलंस ना? डॉलीचं मी पाच मिनिटं लिहिलं, ते खोटं. ६ तारखेच्या पत्रात शांत बसले लिहिलं, तेही खोटं. डॉलीने धरलं आणि मी घड्याळ बघितलं, सवयीने. दोन मिनिटंही झाली नव्हती. दुखायला लागलं आणि मी तिला ओढून काढली. अशी ओढली की तिचे दात तुटून माझ्या हातात राहिले, तोंडातून रक्त आलं. नियम आठवलाच नाही. फळीवर बाटली होती, तीही आठवली नाही. स्वतःचा हात होता ना.

हे मला सोमवारीच कळलं होतं, डॉली जमिनीवर पडली त्याच क्षणी. म्हणून तर तुला पत्र लिहायला बसले. आणि लिहिलं काय, तर चूक हाताची.


त्याच दिवशी, दुपार

पत्र बंद करायच्या आधी एक गोष्ट शोधायची होती. डचेसचं कार्ड. पाककृतींच्या त्या पिवळ्या डब्यात मी सगळ्यांची कार्डं ठेवते, मेलेल्यांचीसुद्धा. काय खाल्लं, कात कधी टाकली, शेरा. मिळालं. यातून ते पाठवतेय. माझ्या अक्षरात आहे, चांगलं सुवाच्य, उजव्या हाताचं:

‘१९ ऑक्टोबर २००२. सलायना. चावली. ६ मि. दात शाबूत. नंतर दोन आठवडे खाल्लं नाही. बिचारी फार घाबरली असावी.’

वाचलंस? बिचारी कोण, बघितलंस ना. तू तेव्हा वरच्या खोलीत हात उशीवर ठेवून पडली होतीस आणि मी खाली स्वयंपाकघरात बसून हे लिहिलं. दोन आठवडे तू नीट जेवलीस की नाही, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही. डचेसचं सांगता येतं.

मघाशी रोझालियाकडे गेले होते. तिला हात उघडून दाखवला, डॉक्टरचा कागद दिला आणि सांगितलं, मंगळवारी मी खोटं बोलले, पुढच्या सभेत पुन्हा उभी राहते. ती म्हणाली, ‘तुझे डबे जातील.’ मी म्हटलं, जातील तर जातील. ऑर्व्हिलला कळलंच असणार, फोन दोनदा वाजला, उचलला नाही. मिस वेबरकडे उद्या जाते. तिच्यासमोर काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

कार्डावर कुणाला चावली यासाठी रकानाच नव्हता. कधी लागलाच नाही. आज पट्टी सोडून उजव्या हातात पेन धरलं आणि शेवटी एक रकाना आखला. रेघ वाकडी आलीय, बोटं अजून नीट मिटत नाहीत. त्यात लिहिलंय: ‘माझी मुलगी रोशेल, वय १२. हात मी धरून ठेवला होता.’

टिलीने पुन्हा विचारलं तर हे कार्ड तिला वाचून दाखव. तिला अजून वाचता येत नसेल तर कधी येईल तेव्हा तिच्या हातात दे.

खरं सांगितलंस तर येईन, असं तू लिहिलं होतंस. त्या शब्दाला मी तुला धरून ठेवत नाही.

आई